गरीब देशांना नाव ठेवायचं, की नावं ठेवायची?

शब्दखूण

एका जुन्या नकाशासंग्रहाच्या नव्या आवृत्तीचं मराठी भाषांतर सध्या माझ्याकडे आहे. काम संपत आलंय, पण एका शब्दाने आठवडाभर अडवून धरलंय, म्हणून हा धागा.

मूळ पुस्तकात वेगवेगळ्या काळात भर पडत गेली आहे. त्यामुळे घाना हा एकच देश एका पानावर 'थर्ड वर्ल्ड'मध्ये आहे, पुढच्या तक्त्यात 'डेव्हलपिंग'मध्ये, आणि नव्याने जोडलेल्या पानांवर 'ग्लोबल साउथ'मध्ये, म्हणजे 'जागतिक दक्षिण'मध्ये. पहिल्या खर्ड्यात तिन्ही ठिकाणी 'विकसनशील देश' लिहून मी मोकळी झाले. तपासणाऱ्या बाईंनी तिन्ही जागी पेन्सिलने गोल केला आणि समासात एवढंच लिहिलं: "हे तिन्ही एकच आहेत का?"

नाहीत. आणि ते मला लिहितानाही माहीत होतं. हात त्या शब्दाला सरावलाय, इतकंच.

मग तो शब्द नीट पाहायला घेतला. सहनशील, विचारशील, प्रयत्नशील, विकसनशील. 'शील' म्हणजे स्वभाव. इंग्रजी शब्दात निदान चालू असलेली क्रिया आहे, ती कधीतरी पुरी होईल असं वाटायला जागा आहे. आपल्या शब्दात मात्र तो त्या देशाचा पिंडच होऊन बसतो. समोर 'विकसित'. झाला, आटोपलं. म्हणजे एकाचं काम कधीच उरकलं आणि दुसरा जन्मभर उमेदवार. याआधी आपण 'मागासलेले' म्हणायचो, मग 'अविकसित', मग 'अर्धविकसित', 'अल्पविकसित'. प्रत्येक नवा शब्द आधीच्यापेक्षा सौम्य म्हणून आला आणि वीसेक वर्षांत तोही बोचायला लागला.

मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. या सगळ्या शब्दांच्या बाबतीत मला ते अंतर दिसेनासं झालंय. तुम्ही कोणता शब्द वापरता आणि का, हे मनापासून जाणून घ्यायचं आहे.

जुना_नकाशा

फार चांगला विषय. 'तिसरं जग'पासून सुरू करतो, कारण त्या शब्दावर सगळ्यात जास्त अन्याय झालाय असं माझं मत आहे.

हा शब्द मुळात क्रमांक लावणारा नव्हता. आल्फ्रेद सोव्ही या फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञाने ऑगस्ट १९५२ मध्ये एका साप्ताहिकातल्या लेखात तो वापरला. त्याच्या डोळ्यांसमोर १७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती होती. तिथे पहिला वर्ग धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा आणि तिसरा उरलेल्या सगळ्या जनतेचा. त्याच तिसऱ्या वर्गाने जुनी व्यवस्था उलथवली. सोव्हीचं म्हणणं असं की अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या भांडणात जगाच्या या तिसऱ्या भागाकडे कुणाचं लक्ष नाही, त्याची पिळवणूक होते, त्याला तुच्छ लेखलं जातं, आणि त्यालाही आता काहीतरी व्हायचं आहे. म्हणजे या नावात दया नव्हती, इशारा होता.

तीन वर्षांनी, एप्रिल १९५५ मध्ये, इंडोनेशियातल्या बांडुंगला आशिया-आफ्रिकेतले २९ देश जमले. शब्दखूण, तुमचा घानाही तिथे होता, फक्त तेव्हा त्याचं नाव 'गोल्ड कोस्ट' होतं आणि स्वातंत्र्य मिळायला अजून दोन वर्षं होती. त्या पिढीला 'तिसरं जग' म्हणवून घेण्यात कमीपणा वाटत नव्हता.

पुढे माओने १९७४ मध्ये आकडे तेच ठेवून यादीच बदलली. त्याच्या मांडणीत अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघेही पहिल्या जगात, युरोप आणि जपान दुसऱ्यात, आणि चीनसह आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका तिसऱ्यात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डेंग शिआओपिंगने संयुक्त राष्ट्रांसमोर हीच मांडणी केली. पण रूढ मांडणीत दुसरं जग म्हणजे सोव्हिएत गट. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि ते दुसरं जग नाहीसं झालं. मधली पायरीच गेल्यावर 'तिसरं' हे नुसतं खालचं उरलं. मराठीत तर 'थर्ड क्लास' ही शिवी आधीपासून आहेच, तिने हा शब्द पुरता खाल्ला.

'अविकसित'चं मूळही बघा. २० जानेवारी १९४९ ला हॅरी ट्रूमन यांनी शपथविधीच्या भाषणात चौथा मुद्दा म्हणून 'अंडरडेव्हलप्ड एरियाज'ना तांत्रिक मदत देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. शब्द त्याआधीही होता, पण जगाच्या राजकारणात तो रुळला तिथून. तोवर वसाहती आणि त्यांचे मालक असं नातं होतं. त्या नात्यात निदान कुणी कुणाचं काय नेलं हा प्रश्न विचारता यायचा. 'अविकसित' म्हटल्यावर तो प्रश्नच मिटला, कारण आता सगळे एकाच रस्त्यावर, कुणी पुढे, कुणी मागे.

मृदगंध

जुना_नकाशा, शेवटच्या परिच्छेदासाठी विशेष आभार. मला नेमकं हेच म्हणायचं होतं.

'गरीब देश' म्हणताना गरिबी हा जणू त्या जमिनीचा गुण होतो, जसा 'डोंगराळ देश'. पण देश गरीब असतो तसा गरीब केलाही जातो. दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकात हेच आकडे मांडून दाखवलं, संपत्ती बाहेर वाहून नेली जाते म्हणून. अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राऊल प्रेबिश यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर 'केंद्र' आणि 'परिघ' हे शब्द आणले. परिघावरचे देश कच्चा माल विकतात, केंद्रातले पक्का माल, आणि कालांतराने कच्च्या मालाचा भाव पक्क्या मालाच्या मानाने घसरत जातो. तेवढंच यंत्र आणायला दर पिढीत जास्त कोको, जास्त कॉफी, जास्त तांबं द्यावं लागतं.

केंद्र-परिघ या जोडीत मला आवडतं ते हे की एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं घ्यावंच लागतं. केंद्राशिवाय परिघ नाही. विकसित देश मात्र अविकसित देशांशिवायही कल्पिता येतो. माझं मत याच जोडीला.

साधी_गोष्ट

सगळ्यांचा आदर ठेवून लिहिते. ज्या घरात रात्रीची चूल पेटत नाही त्या घराला तुम्ही परिघ म्हणा, दक्षिण म्हणा, विकसनशील म्हणा, फरक काय पडतो? शब्द बदलण्यात जितकी शाई जाते तितकी मदत पोचली असती तर बरं झालं असतं. शब्दांवरची चर्चा ही पोट भरलेल्यांची चर्चा आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तागडी

साधी_गोष्ट, तुमची कळकळ पोचली. पण फरक पडतो, आणि तो मोजता येतो. माझं काम व्यापार करारांच्या मसुद्यांशी संबंधित आहे, तेव्हा तिथलंच सांगते.

जागतिक व्यापार संघटनेच्या शेतीविषयक करारात बाजारभाव बिघडवणाऱ्या अनुदानाला मर्यादा आहे. पण एका ठरावीक टक्क्यापर्यंतचं अनुदान हिशेबातच धरत नाहीत. विकसित देशाला ही सूट पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या ५ टक्के. विकसनशील देशाला १० टक्के. चीन २००१ मध्ये आत आला तेव्हा बरीच घासाघीस होऊन ८.५ टक्क्यांवर तडजोड झाली. शेतकऱ्याच्या हातात सरकार किती टाकू शकतं, ते एका विशेषणावर ठरतं. मसुद्यात त्या एका शब्दाभोवती किती रात्री जागल्या जातात ते बाहेरच्याला कळणार नाही.

आता गंमत नव्हे, खरी अडचण ऐका. त्या संघटनेत 'विकसनशील' या शब्दाची व्याख्याच नाही. देश स्वतःच जाहीर करतो की मी विकसनशील. त्यामुळे सिंगापूरही त्यात आणि कितीतरी गरीब देशही त्यात. अमेरिकेने जुलै २०१९ मध्ये यावर उघड आक्षेप घेतला. त्याच वर्षी ब्राझील आणि दक्षिण कोरियाने पुढच्या वाटाघाटींत ही खास सवलत मागणार नाही असं सांगितलं. सप्टेंबर २०२५ मध्ये चीननेही तेच जाहीर केलं, पण आपण विकसनशील देश आहोत हे म्हणणं सोडलं नाही. सवलत सोडली, नाव ठेवलं.

औषधांचंही तसंच. 'सर्वांत कमी विकसित देश' या यादीत असाल तर औषधांवरची पेटंटं लागू करण्याचं बंधन २०३३ पर्यंत नाही. यादीतून बाहेर पडलात की ती मुभा जाते. गोळीची किंमत एका यादीवर अवलंबून आहे.

म्हणून शब्दखूण, 'विकसनशील' कानाला खटकतो हे मान्य, तुमचा 'शील'चा मुद्दा मला आजवर सुचला नव्हता. पण करारात तो शब्द म्हणजे हक्क आहे. गोड शब्दासाठी तो सोडून देऊ नका.

पायवाट

तागडींच्या यादीबद्दल थोडं. ही यादी संयुक्त राष्ट्रांनी १९७१ मध्ये सुरू केली तेव्हा तिच्यात २५ देश होते, आज ४४ आहेत. तीन कसोट्या आहेत: दरडोई उत्पन्न, माणसांचं आरोग्य-शिक्षण, आणि अर्थव्यवस्था व पर्यावरण किती नाजूक आहे ते. या सगळ्या नावांमध्ये मला हे त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतं, कारण आत कसं जातात आणि बाहेर कसं पडतात हे दोन्ही लिहून ठेवलंय. आजवर आठ देश बाहेर पडलेत. पहिला बोट्स्वाना, १९९४ मध्ये. भूतान डिसेंबर २०२३ मध्ये.

पण साधी_गोष्ट यांना मला मालदीवची हकीकत सांगायची आहे. डिसेंबर २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मालदीवला या यादीतून बाहेर काढायचा ठराव केला. उत्पन्न वाढलं होतं, पर्यटन जोरात होतं. ठरावाला आठवडाही झाला नव्हता आणि २६ डिसेंबरला त्सुनामी आली. देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक इतकं नुकसान काही तासांत झालं. ज्या बेटांवर समुद्रसपाटीपासून जमीन जेमतेम दीड-दोन मीटर उंच आहे, तिथे 'बाहेर पडला' या शब्दांना काय अर्थ होता? शेवटी ती प्रक्रिया पुढे ढकलली आणि मालदीव १ जानेवारी २०११ ला बाहेर पडला. शब्द आणि यादी यांचा त्या माणसांशी संबंध होता. बाहेर पडायचं लांबलं म्हणून सवलती तेवढा काळ टिकल्या.

उलटही घडतं. घाना एकेकाळी या यादीच्या कसोट्यांना उतरत होता. पापुआ न्यू गिनी आणि झिम्बाब्वेसुद्धा. तिघांनीही यादीत यायला नकार दिला. सवलती समोर होत्या, कर्ज स्वस्त झालं असतं, तरी नको म्हणाले. एखाद्या सरकारला ते नाव लावून घेण्याची किंमत त्या सवलतींपेक्षा जास्त वाटली. ही पोट भरलेल्यांची चर्चा नाही हो. नाव नाकारणारे पोट भरलेले नव्हते.

साधी_गोष्ट

पायवाट, तागडी, दोघांचेही प्रतिसाद दोनदा वाचले. औषधांचं मला माहीत नव्हतं. माझं वाक्य मागे घेते. घानाने नकार दिला ते पटतंही आणि पटत नाहीही. मान राखला, पण त्या सवलती ज्यांना मिळाल्या असत्या त्यांना कुणी विचारलं होतं?

उंबरठा

मी आकडेवारीत काम करतो. माझ्या मते विशेषणं टाकून द्यावीत आणि थेट उत्पन्नाचा आकडा सांगावा. जागतिक बँकेने २०१६ मध्ये आपल्या विकास निर्देशांकांच्या प्रकाशनात 'विकसित' आणि 'विकसनशील' अशी विभागणी वापरणं बंद केलं. मलावी आणि मेक्सिको एकाच पेटीत ठेवून कुठलंच विश्लेषण होत नाही, हे त्यामागचं साधं कारण. आता त्यांचे चार गट आहेत. जुलै २०२५ च्या रेषांप्रमाणे दरडोई वार्षिक उत्पन्न १,१३५ डॉलरपर्यंत असेल तर निम्न, ४,४९५ पर्यंत निम्न-मध्यम, १३,९३५ पर्यंत उच्च-मध्यम, आणि त्यापुढे उच्च. स्वच्छ काम.

स्वीडनचे डॉक्टर आणि आकडेवारीचे अभ्यासक हान्स रॉसलिंग तर म्हणायचे की देशही सोडा, माणसंच चार पातळ्यांवर बघा. दिवसाला दोन डॉलरखाली, आठपर्यंत, बत्तीसपर्यंत आणि त्यापुढे. पाणी कसं आणता, चूल कशावर पेटते, पायात काय आहे, यावरून पातळी कळते, देश कुठलाही असो. आणि जगातली बहुसंख्य माणसं मधल्या दोन पातळ्यांवर आहेत. दोन टोकांचे शब्द वापरणारी कुठलीही भाषा या मधल्या माणसांना गिळून टाकते.

पण प्रामाणिकपणे आमच्या आकड्यांचीही बाजू सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. पुन्हा घानाच घ्या. नोव्हेंबर २०१० मध्ये तिथल्या सांख्यिकी विभागाने राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचं आधारवर्ष बदललं, १९९३ ऐवजी २००६. जुन्या मोजणीत न बसणारे दूरसंचारासारखे व्यवसाय आता धरले गेले आणि अर्थव्यवस्था साधारण ६० टक्क्यांनी मोठी निघाली. निम्न उत्पन्नाचा देश निम्न-मध्यम झाला. आदल्या दिवशी घागर घेऊन दोन मैल जाणारी बाई दुसऱ्या दिवशीही तितकीच चालली. आकडा खोटा नव्हता, उलट आधीचाच अपुरा होता. पण 'पातळी चढली' या शब्दांतून जे चित्र उभं राहतं तसं काही घडलेलं नव्हतं.

शिवाय रेषाही हलते. उच्च उत्पन्नाची रेषा २०२४ मध्ये १४,००५ डॉलर होती, पुढच्या वर्षी १३,९३५ झाली. चलनांचे दर आणि भाववाढ यांच्या हिशेबाने ती दरवर्षी सरकते.

पायवाट

उंबरठा, इक्वेटोरियल गिनी राहिला. तेल सापडल्यावर तिथलं दरडोई उत्पन्न इतकं वाढलं की फक्त त्या एका कसोटीवर तो देश २०१७ मध्ये 'सर्वांत कमी विकसित'मधून बाहेर पडला. आरोग्य-शिक्षणाच्या कसोटीला तो उतरलाच नव्हता. सरासरी म्हणजे एकाच्या ताटातलं दहा जणांत वाटून दाखवायचं, कागदावर. म्हणूनच पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांना सोबत घेऊन १९९० मध्ये मानव विकास निर्देशांक आणला, उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण घेऊन.

ध्रुवतारा

'ग्लोबल साउथ'वर अजून कुणी बोललं नाही, म्हणून मी.

माझा आक्षेप साधा आहे. दिशा ही दिशाच असावी. जर्मनीचे माजी चॅन्सेलर विली ब्रांट यांच्या आयोगाच्या १९८० च्या अहवालाबरोबर श्रीमंत 'उत्तर' आणि गरीब 'दक्षिण' वेगळं करणारी जी रेषा आली ती आठवा. ती अमेरिका आणि मेक्सिकोच्या मधून जाते, भूमध्य समुद्र ओलांडते, चीनच्या वरून जाते, मग जपानला उत्तरेत ठेवायला खाली वळते, आणि शेवटी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला वेढा घालून त्यांनाही 'उत्तर' करते. मी ही रेषा मुलांना फळ्यावर काढून दाखवतो. ऑस्ट्रेलियाभोवती खडू फिरवताना दरवर्षी कुणीतरी हात वर करतंच: "सर, हे चुकलं." मूल बरोबर असतं. भूगोलाच्या शिक्षकाने 'उत्तर' हा शब्द असा वापरावा हे मला जड जातं. आखाती देश आणि सिंगापूर त्या रेषेच्या दक्षिणेला राहतात, आणि उत्तरेला त्यांच्याहून गरीब असे कितीतरी.

मृदगंध

ध्रुवतारा सर, त्या मुलाला सांगा की ही रेषा अक्षांशाची नाही, वाटाघाटीच्या टेबलाची आहे. आणि तुमचा आक्षेप मान्य करूनही मी हा शब्द सोडणार नाही. कारण हा शब्द असा आहे जो त्या देशांनी स्वतः उचलला. 'अविकसित' त्यांना म्हटलं गेलं. 'निम्न उत्पन्न' त्यांना म्हटलं गेलं. 'दक्षिण' मात्र ते स्वतःला म्हणवतात. १९६४ मध्ये जिनिव्हात ७७ देशांचा गट उभा राहिला, आज त्यात १३४ देश आहेत आणि नाव अजून तेच आहे, कारण ते आपलं आहे. एकेकट्या देशाचं कुणी ऐकत नाही. एकत्र यायला छत्र लागतं, आणि छत्राला नाव.

तागडी

छत्राचं बरोबर आहे, पण त्याच्याखाली कोण लपतं हेही बघायला हवं. १९९२ च्या हवामान करारात जबाबदारी घेणाऱ्या देशांची यादी परिशिष्टात छापली आहे. त्या वेळची श्रीमंती आणि त्या वेळचं राजकारण तिच्यात गोठलं आहे. युक्रेन त्या यादीत आहे, कतार नाही. २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला किमान ३०० अब्ज डॉलर उभे करायचं ठरलं, त्यात पुढाकार विकसित देशांनी घ्यायचा. तेव्हा मूळ झगडा हाच होता की तीस वर्षांपूर्वीच्या यादीबाहेरचे आजचे श्रीमंत देश पैसे देणार की नाही. शेवटी त्यांना स्वेच्छेने द्या इतकंच सांगितलं गेलं. बुडत्या बेटाचा आणि तेलाच्या मालकाचा एकच गट असेल तर त्या गटात बेटाचा आवाज किती उरतो?

मृदगंध

कमी उरतो. हे मला टोचतंच. पण छत्र मोडलं तर बेटाचा आवाज वाढेल असंही नाही. आतून भांडावं लागेल, लहान बेटांच्या देशांनी आपला वेगळा गट करून ते चालवलंही आहे.

उंबरठा

नावाची ताकद यावर एक गोष्ट. १९८१ मध्ये जागतिक बँकेच्या समूहातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळात काम करणारे आंत्वान व्हान आग्टमाल गुंतवणूकदारांसमोर एक योजना मांडत होते. गरीब म्हटल्या जाणाऱ्या देशांच्या शेअर बाजारात पैसे घालण्याची. नाव होतं 'थर्ड वर्ल्ड इक्विटी फंड'. कल्पना लोकांना आवडली, पण या नावावर कुणी पैसे देणार नाही असं त्यांना सांगण्यात आलं. मग त्यांनी 'इमर्जिंग मार्केट्स' हा शब्द शोधला, म्हणजे आपलं 'उदयोन्मुख'. देश तेच, कारखाने तेच, ताळेबंद तेच.

आणि त्याही यादीतून वर-खाली होतात. २०१३ मध्ये एमएससीआय या निर्देशांक बनवणाऱ्या कंपनीने ग्रीसला विकसितमधून काढून उदयोन्मुखमध्ये टाकलं. दक्षिण कोरिया एका कंपनीच्या यादीत २००९ पासून विकसित आहे, दुसरीच्या यादीत अजून उदयोन्मुख. म्हणजे 'शील' बदलतं, शब्दखूण.

जुना_नकाशा

बांगलादेशी छायाचित्रकार शाहिदुल आलम यांनी नव्वदच्या दशकात 'मेजॉरिटी वर्ल्ड' हा शब्द सुचवला, तोही नोंदवून ठेवतो. बहुसंख्यांचं जग. काय नाही ते सांगण्याऐवजी काय आहे ते सांगणारा. मला तो सगळ्यात आवडतो, पण तक्त्यात तो चालणार नाही, कारण त्याला सीमा नाही.

शब्दखूण

सगळ्यांची ऋणी आहे. दोन दिवस हे प्रतिसाद समोर ठेवून काम केलं. काय ठरवलं ते लिहिते, चुकत असेल तर जरूर सांगा.

पहिल्या पानावर 'तिसरं जग' तसंच ठेवलं, कारण ते पान शीतयुद्धाचं आहे. खाली सोव्हीबद्दल दोन ओळी घातल्या, म्हणजे वाचणाऱ्याला 'थर्ड क्लास' ऐकू येणार नाही. तक्त्याच्या मथळ्यातून 'विकसनशील' काढलं आणि तिथे लिहिलं: 'जागतिक बँकेच्या उत्पन्नगटांनुसार', पुढे वर्ष. ज्याने ठरवलं त्याचं नाव वर असलं की तो देशाचा पिंड राहत नाही, कुणाचीतरी मोजणी राहते. व्यापार आणि हवामान करारांच्या पानांवर मात्र तागडींचं ऐकून 'विकसनशील' जागच्या जागी आहे. हक्काच्या शब्दाला मी हात लावणार नाही. 'जागतिक दक्षिण' फक्त तिथे, जिथे ते देश एकत्र येऊन बोलतात.

मृदगंध, 'केंद्र-परिघ' मला वापरता आलं नाही, मूळ पुस्तकात ती मांडणीच नाही. प्रस्तावनेत प्रेबिश यांचा उल्लेख करावा अशी विनंती मूळ प्रकाशकांना पाठवली आहे.

बाईंकडे पानं परत गेली. गोल सगळे खोडलेत. पण आज सकाळी एक नवीन खूण आली आहे, शब्दावर नाही, सूचीतल्या रंगांवर. उच्च उत्पन्नाला गर्द हिरवा, मग पोपटी, मग पिवळट, आणि निम्न उत्पन्नाला फिका राखाडी. शेजारी लिहिलंय: "राखाडी रंग आपण माहिती नसलेल्या प्रदेशाला देतो ना?" शेजारच्या पानावर अंटार्क्टिका त्याच राखाडीत आहे.

ध्रुवतारा

बाईंना माझा नमस्कार सांगा. चढत्या गडदपणाचा एकच रंग नको, त्यात खालचा पुसट होतोच. चार वेगवेगळे रंग घ्या, सारख्याच ठसठशीत. मी वर्गात निळा, हिरवा, केशरी आणि जांभळा वापरतो. छपाईत कसे उतरतात ते माहीत नाही, पण फळ्यावर शेवटच्या बाकावरूनही चारही दिसतात.

शब्दखूण

पाठवते छापखान्याला. नमुना आला की इथे सांगेन, घाना कोणत्या रंगात आला ते.